तुझ्या चुकांची वही

परशा, तुझे दिवस झाले. परवा बाराव्याला वडगावात तुझ्या दारात मांडव घातला होता. गल्लीतले माग दुपारपर्यंत बंद होते आणि त्या शांततेची कुणालाच सवय नसल्यामुळे माणसं उगीच मोठ्यानं बोलत होती. निपाणीहून आलेले मास्तर म्हणून मला पहिल्या पंगतीत बसवलं. तुझा चुलतभाऊ वाढत होता. म्हणाला, "लाजू नकासा मास्तर. परशा असता तर तुमच्या पानावर वाढून वाढून तुम्हास्नी पळवून लावलं असतं." मी नुसतं पाणी पीत राहिलो.

लोक तुझ्याबद्दल बरं बोलले. तुझ्या हातच्या लुगड्याचा काठ, तुझा शब्द, तुझं हसणं. कुणीतरी म्हणालं, शिकला असता तर कुठल्या कुठं गेला असता. त्यावर कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "शिकत हुता की फादरांच्या शाळंत. पर डोकं चालंना म्हणून सोडली. त्यो सोताच सांगायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सवयच ती.

ते खोटं आहे, परशा. तुझं डोकं चालत होतं. माझ्यापेक्षा दुप्पट चालत होतं. सहावी इंग्रजीच्या शेवटच्या महिन्यात तुझ्या चुकांच्या वहीत मी खोटं लिहिलं. तू न केलेल्या चुका लिहिल्या. म्हणून फादरांनी मला मुंबईला पाठवलं आणि तू मागावर बसलास. हे तुला सांगायला मी पंधरा वर्षांत किती वेळा वडगावला आलो, आणि चहा पिऊन, तुझी चेष्टा ऐकून परत गेलो. आता तुला ऐकू येत नाही म्हटल्यावर मला धीर आलाय. बघ, तुझा मित्र केवढा शूर आहे.

आपल्या शाळेची ती पद्धत मी कधी निपाणीच्या पोरांना सांगितली, तर त्यांना वाटतं मास्तर थापा मारतायत. दाढीफादरांनी पहिल्याच दिवशी वर्गाचे दोन भाग केले. उजव्या हाताची बाकं म्हणजे रोम, डाव्या हाताची कार्थेज. ही गावं कुठली, ती कशावरून भांडली, हे कळायच्या आधीच आपण एकमेकांचे वैरी झालो होतो. मी रोमचा, तू कार्थेजचा. आपल्याला संस्कृत शिकवायला येणाऱ्या शास्त्रीबुवांना हे अजिबात पसंत नव्हतं. "भांडायचंच होतं तर कौरव-पांडव काय वाईट होते?" असं ते उपरण्यानं मान पुसत म्हणायचे.

रोमच्या प्रत्येक पोराला कार्थेजमध्ये एक ठरलेला प्रतिस्पर्धी असे. हा उत्तर द्यायला उठला की त्यानंही उठायचं. हा चुकला की त्यानं पकडायचं. पकडलं की त्याच्या सैन्याचं एक निशाण फळ्यावर वाढे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्ती पोरं चॅपलमधून परत आली की निशाणं मोजायची आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना उभं राहून सलाम ठोकायचा. तू सलाम ठोकताना डावा डोळा बारीक करायचास. फादरांना वाटायचं, तुझ्या डोळ्यात काहीतरी दोष आहे.

आणि रोज सकाळी, पहिल्या घंटेच्या आधी, प्रतिस्पर्ध्यानं प्रतिस्पर्ध्याचा पाठ ऐकायचा. इंग्रजी उतारा, कविता, व्याकरणाचे नियम, नेमलं असेल ते तोंडपाठ. ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, खूण करायची नाही. एका छोट्या वहीत चुकांच्या रेघा तेवढ्या मारायच्या. वही शनिवारी फादरांच्या टेबलावर, आणि त्या रेघाही निशाणांत धरल्या जायच्या. ज्याच्या चुका त्यानं ती बघायची नाही, कारण बघितली की भांडणं होतात. फादरांचं म्हणणं साधं होतं. मास्तर ऐकतो त्यापेक्षा वैरी जास्त लक्ष देऊन ऐकतो.

साता समुद्रापलीकडून आलेल्या त्या शहाण्या माणसाला एवढंच माहीत नव्हतं, की हे दोन वैरी वडगावच्या एकाच गल्लीतून येतात आणि वाटेत एकाच फडक्यातली भाकरी खातात.

माझं घर सदलग्याकडचं, नदीकाठच्या तंबाखूच्या शेतातलं. शिकण्यासाठी मला मावशीकडे ठेवलेलं, आणि मावशीच्या भिंतीला तुमची भिंत. सकाळी मी दप्तर घेऊन बाहेर पडलो की तू गल्लीत ताण्याला खळ लावत असायचास. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं, एका अंगाला तुझे अण्णा, दुसऱ्या अंगाला तू, हातात कुंचला. ऊन चढायच्या आत ते व्हायलाच हवं. हात सुतावर आणि तोंडात इंग्रजी उतारा. अण्णा ओरडायचे, "हळू बडबड रं, सूत बिचकतंय." मग तू तसाच निघायचास. हातावरची खळ वाळून तिची पापडी व्हायची, ती सोलत सोलत तू लष्करी कॅम्पातल्या शाळेपर्यंत चालायचास, आणि चालता चालता आपण एकमेकांचे पाठ ऐकायचो.

पहिला महिना आपण इमानानं रेघा मारल्या. तुझी एखादी, कधी एकही नाही. माझ्या चार, पाच. माझ्यापायी रोम हरायला लागलं आणि कॅम्पातली गोव्याची पोरं मला पोर्तुगीजमध्ये शिव्या द्यायला लागली. एकदा रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी जायची वाट बघत आपण उभे होतो. तू म्हणालास, "गणू, रोज दोन-दोन लिहू या. तुझ्याबी दोन, माझ्याबी दोन. भांडण न्हाय, तंटा न्हाय."

"त्यात तुझा तोटा हाय की," मी म्हणालो.

"असू दे की. रोम काय आन् कार्थेज काय, सांजच्याला जायचं वडगावलाच न्हवं?"

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आपल्या वह्यांत रोज दोन-दोन रेघा पडल्या. फादर त्या वह्या समोरासमोर धरून दाढी कुरवाळायचे. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. एकदा त्यांनी आपल्याला उभं केलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघे एक तर संत आहात, नाही तर चोर आहात. मी रोज प्रार्थना करतो की तुम्ही संत असावेत." तेवढ्यात बाराची घंटा झाली, त्यांनी बोलणं थांबवून छातीवर क्रूस केला, डोळे मिटले, आणि तू माझ्या कानात म्हणालास, "आता आपल्यासाठीच प्रार्थना चाललीय बघ." मला हसू आवरेना. त्या हसण्याबद्दल मला बाकावर उभं केलं, तुला नाही.

शाळेत काय काय होतं रे. ख्रिस्ती पोरांना धर्माचा तास असायचा तेव्हा आपल्याला नीतिपाठ. खोटं बोलू नये, दुसऱ्याचं घेऊ नये, हे मी तुझ्या शेजारी बसून सुंदर अक्षरात लिहून घेतलं आहे. अनवाणी फुटबॉल होता. वादविवाद सभा होती, तिच्यात शहर चांगलं की खेडं यावर तू दोन्ही बाजूंनी बोलायचास आणि दोन्ही वेळा जिंकायचास. आणि शाळेचे मुख्य फादर रेक्टर, त्यांच्या नावाच्या संताच्या सणादिवशीचं ते गॅदरिंग. हरलेल्या सेनापतीचं इंग्रजी भाषण तुला दिलं होतं. सेनापतीला झगा हवा म्हणून तुझ्या आईनं मागावरून उतरलेलं कोरं लुगडं दिलं, रुंद लाल काठाचं. रंगमंचावर तू उभा राहिलास, आणि आपलं सैन्य मेलं, आपलं गाव जळालं, हे तू असं सांगितलंस की पुढच्या रांगेतल्या मडमांनी रुमाल काढले. तुझे अण्णा सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभे होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काय बोलला ते कळलं न्हाय. पर कुठं अडला न्हाय, व्हय न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय अण्णा, एका जागीबी न्हाय." त्या दिवशी मी खरं बोललो होतो.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की माझ्या पोटात काहीतरी शिजतंय. हात दुखेपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. पण घरी येऊन मावशीनं विचारलं, "परशाचं कसं झालं?" तर मी म्हणालो, "बरं झालं." एवढंच.

सहावीच्या शेवटाला फादरांनी वर्गात सांगितलं. मुंबईच्या त्यांच्या कॉलेजात इथल्या एका मुलाला ठेवून घेणार. मॅट्रिकचं वर्षभर फादर त्याला स्वतः शिकवणार, पुढे राहणं-जेवण त्यांच्याकडेच. "या वर्गात दोन मुले त्या योग्यतेची आहेत," ते म्हणाले. "ते दोघे प्रतिस्पर्धी आहेत, हे उत्तम. शेवटच्या महिन्याच्या वह्या पाहून मी ठरवीन."

तुझ्या घरी ती गोष्ट कळली तेव्हा मी तिथेच होतो. अण्णांनी धोटा हातात धरून ठेवला, माग थांबला. तू घरातला एकुलता, तुझ्याशिवाय ताणा ओढायला दुसरं माणूस नाही. मग म्हणाले, "जातोस तर जा. मागाचं मी बघतो." माझ्या घरून उलट निरोप होता. परीक्षा झाली की तंबाखू खुडायला ये, पुढं शिकून कलेक्टर व्हायचं न्हाय. परशा, हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगतोय एवढ्याचसाठी की मला भीती वाटली होती. त्या शेताची, त्या वासाची, वडिलांच्या शेजारी वाकून आयुष्य काढण्याची.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तूच म्हणालास, "आता दोन-दोन न्हाय. आता खरं लिहायचं. तूबी खरं लिही, मीबी लिहितो. मग कोणबी गेला तरी दुसऱ्याला वाईट वाटायचं न्हाय."

मी "व्हय" म्हणालो. आणि त्याच सकाळी तू उतारा म्हटलास, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत न चुकता, आणि मी एक रेघ मारली.

एकच मारली होती. स्वतःला सांगितलं की एका जागी तू जरा थांबलास, ती चूकच म्हणायची. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवसापासून मी स्वतःला काही सांगायचंही सोडून दिलं. पेन्सिलीची रेघ मारायला काही जोर लागत नाही, परशा. तू माझ्या शेजारी चालत होतास, खळ सोलत होतास, आकाशाकडे बघून पाठ म्हणत होतास, आणि मी तुझ्या खांद्याला खांदा लावून तुझा गळा कापत होतो. संपलं की तू विचारायचास, "कसं झालं रं?" मी म्हणायचो, "सांगू नको म्हटलंय फादरांनी." "ते बी खरंच," म्हणून तू पुढे चालायचास. दोन वर्षं आपण तो नियम मोडला होता. त्या महिन्यात मी तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला.

माझ्या चुकांची तू लिहिलेली वही फादरांनी नंतर मला दाखवली. तू सगळं खरं लिहिलं होतंस. एका दिवसाच्या पानावर एक रेघ मारून खोडली होती आणि शेजारी तुझ्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "गाडीचा आवाज होता. नीट ऐकू आले नाही. संशयाचा फायदा." ती वही मी मागून घेतली. अजून माझ्याकडे आहे. मी ती उघडत नाही.

निकालाच्या दिवशी फादरांनी तुला पुढे बोलावलं. म्हणाले, "परशराम, माझा विश्वास बसत नाही. पण ही वही तुझ्या मित्राने लिहिली आहे. मित्र तुझ्याविरुद्ध खोटे लिहिणार नाही. तू थकला असशील." तू माझ्याकडे रागानं बघशील म्हणून मी मान खाली घातली होती. वर बघितलं तर तू माझ्याकडे बघतच नव्हतास. तू आपल्या हातांकडे बघत होतास.

परत येताना तू विचारलंस, "कुठं चुकत हुतो रं मी? मला तर समदं बरोबर वाटत हुतं."

"बारीक बारीक चुका," मी म्हणालो.

पायाखालचा एक खडा तू लांब उडवलास. मग म्हणालास, "चुकतोय हेच कळंना म्हंजे डोकंच बिघडलं की रं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. अजून फाटक यायचं होतं, शहापूर यायचं होतं, गल्ली यायची होती. फादर संध्याकाळपर्यंत शाळेत असत. आपण नुसतं मागे वळलो असतो तरी झालं असतं. मी तुझ्या खांद्यावर हात टाकला. मित्रानं जे करायचं ते सगळं मी केलं, ते एक सोडून.

तू मॅट्रिकला बसलासच नाहीस. फादर उन्हातून चालत वडगावला आले होते तुझी समजूत घालायला, आठवतं? गल्लीतली पोरं त्यांच्या दाढीमागे पळत आली. पाय सोडून विणायला बसायच्या मागाच्या खड्ड्यातून तू वर यायला तयार नाही. "नको फादर. ऐन वक्ताला घसरतंय. तुमचं नाव खराब हुईल." फादर खड्ड्याच्या काठावर गुडघे मोडून बसले होते, पांढरा झगा मातीत. मी दारात उभा होतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एकट्याला शिकवायला सुरुवात केली.

मी शिकलो, परशा. चांगलं शिकलो, हे सांगायलाही लाज वाटते. मुंबई झाली, बी.ए. झालो, निपाणीच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो. तू दर वेळी कुणालाही माझी ओळख करून देताना छाती काढून सांगायचास, "ह्यो आमचा प्रतिस्पर्धी. ह्यानं मला हरवलं." माझ्या लग्नाला तू हिला लुगडं विणून आणलंस. ती ते सणाला नेसते तेव्हा मी काहीतरी काम काढून बाहेर जातो. तिला वाटतं मला रंग आवडत नाही.

आणि कमळ. तुझ्या लेकीवरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. तिची मराठी चौथी झाली, शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या की पोरगी हुशार आहे, पुढं घाला. तू नाही म्हणालास. मी निपाणीहून मुद्दाम आलो. मुलींनी का शिकावं यावर मी तुझ्या ओट्यावर तासभर व्याख्यान झोडलं. जग कुठं चाललंय, लढाई संपली, उद्या इंग्रज जातील, आपलं राज्य येईल, तेव्हा अडाणी राहायचं का? तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "पोरगीचा परश्न न्हाय रं. आमच्या रक्तातच टिकत न्हाय. मी बघितलंय न्हवं? वर वर समदं येतंय वाटतंय, आन् ऐन वक्ताला घसरतंय. मला झालं ते झालं. तिला कशाला तोंडघशी पाडू?"

मी संतापलो. तुला मागासलेला म्हणालो, आडमुठा म्हणालो. तुझा आवाज चढला, वहिनी आतून बाहेर आल्या. आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात खरं उत्तर माझ्या तोंडात होतं. एकच वाक्य होतं. ते सोडून जगातलं सगळं मी बोललो. निघताना तू म्हणालास, "शिकल्याली माणसं लई बोलत्यात." आपण सहा महिने एकमेकांशी बोललो नाही. कमळ तेव्हापासून घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते.

मग तुझी छाती धरली. सूत मिळेना म्हणून माग अर्धा वेळ बंद, आणि तू खोकत पडलेला. गेल्या महिन्यात मी आलो तो ठरवूनच आलो होतो. वाटेत मोटारीत ते वाक्य मी पाठ केलं, पुन्हा पुन्हा म्हटलं, माझी एकही चूक होत नव्हती. तू भिंतीला टेकून बसला होतास. मला बघितलंस आणि डावा डोळा बारीक केलास. म्हणालास, "ये रं रोमवाल्या." मी बसलो. तोंड उघडणार, तेवढ्यात तूच म्हणालास, "ऐक. बघू काय ऱ्हायलंय डोस्क्यात." आणि ते सेनापतीचं भाषण तू म्हणायला लागलास.

मध्ये मध्ये खोकला येत होता. तू थांबायचास, श्वास घ्यायचास, आणि जिथं सोडलं तिथूनच बरोबर उचलायचास. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तुला इंग्रजी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आपलं सैन्य मेलं, आपलं गाव जळालं, हे तू पुन्हा एकदा सांगितलंस, शेवटच्या शब्दापर्यंत. मग घाम पुसून विचारलंस, "किती चुकलो?"

"एकबी न्हाय," मी म्हणालो. "परशा, देवाशप्पथ, एकबी न्हाय."

तू हसलास. माझ्या गुडघ्यावर थापटलंस. "मरायला टेकलेल्या माणसाला खूश करतोस व्हय रं?"

पंधरा वर्षांत मी तुला पहिल्यांदा खरं सांगितलं आणि तू मला खोटारडा म्हणालास. हसत म्हणालास, मायेनं म्हणालास. ते पाठ केलेलं वाक्य मी तसंच परत नेलं. पुढच्या रविवारी येतो, म्हणालो. शुक्रवारी तार आली.

तुझ्याबद्दल कृतज्ञ आहे असं लिहायची पद्धत आहे. मी आहे रे. दोन वर्षं तू माझ्या चुका आपल्या पदरात घेतल्यास, भाकरी दिलीस, हिला लुगडं दिलंस, मला कुणापुढे कधी कमी होऊ दिलं नाहीस. पण ज्याचं घर लुटलं त्याचे आभार कसे मानतात, ते मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही.

परवा पंगती उठल्या, मांडव सुटला, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले. मी जाईना. वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या, म्हणाल्या, "मोटार चुकंल की भाऊजी." कमळ खांबाला टेकून उभी होती. मी सांगितलं. पहिल्या रेघेपासून सांगितलं. बोलताना मी वहिनींकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघून बोललो, पाठ म्हटल्यासारखं.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ताप चढला की हेच बडबडायचं. 'कुठं चुकलो, कुठं चुकलो.' मला वाटायचं, मागाचं काय तरी आसंल."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "नको. तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माफ करणार म्या कोण? ज्यानं करायचं त्यो गेला." आणि कमळकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं गं? नीट ऐकून ठेव."

कमळ पुढे आली. तुझ्यासारखंच कपाळ आहे तिचं. तिनं मला विचारलं, "म्हंजे आप्पा हुशार हुतं?"

"व्हय बाळ. लई. माझ्यापरीस लई हुशार."

"आन् हे त्यांस्नी ठाव हुतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो, परशा. तेरा वर्षांची पोर, तिला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "न्हाय."

बारा दिवस ती रडली नव्हती, असं वहिनींनी नंतर सांगितलं. लोकांना वाटलं होतं, पोरगी दगडाची आहे. माझं ते 'न्हाय' ऐकल्यावर ती खाली बसली आणि रडायला लागली.